ताईच्या मागचं घड्याळ

रविवार, १४ तारीख, दुपार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मुलीचा निकाल कळला, तिला माझी शाबासकी सांग. इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबांइतका नाही.

तर बातमी. तुझ्या बहिणीने मैदान मारलं. बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याला मी भलत्याच कंपनीची लेन्स बसवली, आणि फोटो असे आलेत की आमच्या वर्कशॉपच्या फोरमनची मिशी केस न् केस मोजून घ्यावी. प्रिंट सोबत ठेवलाय. आधी मिशी मोज, मग पुढे वाच.

त्याची मूळ लेन्स बाबांनी कधीच विकून टाकली, हे तुला माहीत आहे. नुसता कॅमेरा कपाटात पडून होता. मागच्या वर्षी मला म्हणाले, "वर्कशॉपमध्ये घेऊन जा, कागद उडू नयेत म्हणून ठेवायला होईल." मला राग आला. जुन्या बाजारात कॅमेरे दुरुस्त करणारा एक म्हातारा बसतो, त्याच्याकडे तेवढीच जुनी लेन्स मिळाली, पण दुसऱ्या कंपनीची, आटेच वेगळे. म्हातारा म्हणाला, "बाई, या दोघांचं जमायचं नाही. नाद सोडा." दिवसभर पंपाचे भाग कातणाऱ्या बाईला असं सांगायचं नसतं. मी लेथवर पितळेची रिंग कातली, आतून एका कंपनीचे आटे, बाहेरून दुसरीचे. दोन फुकट गेल्या. तिसरीत लेन्स अलगद फिरत जाऊन बसली. मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

पण पहिला रोल न्हाणीघरात धुतला आणि तोंड उतरलं. या कॅमेऱ्याची तऱ्हा तुला आठवत असेल. आपण लेन्समधून बघतच नाही, वरच्या छोट्या खिडकीतून बघतो. तिथे एकाच माणसाचे दोन दिसतात, लेन्स फिरवत ते दोन एक करायचे आणि बटण दाबायचं. मी अगदी काटेकोर एक केले होते. तरी फोरमनचा चेहरा धूसर, आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर टांगलेला पाना मात्र लख्ख.

तो पाना बघितला आणि मी तिथेच ओल्या हातांनी खाली बसले. का ते सांगते, आधी कामाचं संपवू दे. लेन्स फिल्मच्या किंचित जास्त जवळ बसली की खिडकी म्हणते जुळलं, आणि फिल्मवर उमटते मागची वस्तू. इलाज सोपा, लेन्सखाली पातळ चकती. मी अठरा शतांश मिलिमीटरची कापली. दुसरा रोल म्हणजे सोबतची मिशी.

आता पुढचं. इथपर्यंत येऊन मी तीन कागद फाडलेत.

ताईच्या लग्नात बाबांनी पहिल्यांदा कॅमेरा तुझ्या हातात दिला होता. छत्तीस फोटो. ताई प्रत्येकात धूसर, आणि तिच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ इतकं स्पष्ट की सेकंदकाटाही दिसतो. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. "याला डोळेच नाहीत," एवढंच म्हणाले. त्यानंतर तू कॅमेऱ्याला हात लावला नाहीस. घरात कुणी फोटोचं नाव काढलं की तू पाणी आणायला उठतोस. एकतीस वर्षं तू पाणी आणतोयस, दादा.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती मूळ लेन्स मी उघडली होती. आत माणसं उलटी दिसतात असं तूच सांगितलं होतंस, मला ती बघायची होती. उघडताना एक पातळ रिंग निसटली. लेन्स पुन्हा बंद झाली, रिंग हातातच राहिली. खिडकीतून पाहिलं तर सगळं नीट जुळत होतं, म्हणून ती कंपासपेटीत टाकली. मी अकरा वर्षांची होते. तेव्हा घाबरले, ते एक वेळ चालेल. पण विसाव्या वर्षी, तिसाव्या वर्षीही मी स्वतःला सांगत राहिले की एवढ्याशा चकतीने काय होतंय. लेथवर काम करणारी मी, मला कळत नव्हतं असं नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं.

परवा कंपासपेटीतल्या त्या रिंगची जाडी मायक्रोमीटर लावून मोजली. पंचवीस शतांश, म्हणजे पोस्टकार्डाएवढी जाड. तेवढ्याने माणूस जातो आणि घड्याळ येतं. तुझी नजर बरोबर होती, दादा. छत्तीसच्या छत्तीस वेळा.

हे काल बाबांना सांगितलं. आधी तुला सांगायला हवं होतं, पण हिंमत आली तेव्हा समोर ते होते. फोरमनचा फोटो, ताईचा फोटो आणि ती रिंग, तिन्ही टेबलावर ठेवली. त्यांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ घड्याळच बघत बसले. मग म्हणाले, "हे मी तेव्हाच बघायला हवं होतं. शिकवणारा मी होतो." मला एका शब्दाने बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बाबा, तुमचा एक फोटो काढते." कॅमेरा डोळ्याला लावला तर त्यांनी हात आडवा धरला.

"माझा फोटो तो काढेल."

चुकलं माझं, दादा. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव, पत्रातून नको. कॅमेऱ्यातल्या नव्या रोलवर आठ फोटो शिल्लक ठेवलेत. आज सकाळी सातलाच बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि उजेडात खुर्ची ओढून बसले. मी विचारलं, "कुठे निघालात?"

"कुठे नाही," म्हणाले. "तो आज येणार नाही, माहीत आहे. बसायची सवय करतोय."

तुझी नजर एकतीस वर्षं कंपासपेटीत लपवून ठेवणारी,
तुझीच,
छोटी