मॅल्ट पायऱ्यांचा कठडा

मी, अँगस टुलोक, माजी नगरसेवक, राहणार मॅल्ट पायऱ्या, डनवॅरिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे. समितीला विचारू नये, ती आधी उपसमिती नेमेल.

१. बँकेतली शिल्लक माझी बहीण आयना हिला द्यावी.

२. फावडे आणि मिठाचे पोते शेजारीण जेसी लेर्ड हिला. बर्फ पडला की ती बिचारी आमच्या दगडी पायऱ्या बसत बसत उतरते, कारण धरायला कठडा नाही. माझी बायको मॉयरा याच पायऱ्यांवरून पडली आणि त्यातच गेली.

३. कठडा का नाही, तेही लिहितो. रस्ते समितीत आम्ही पाच जण. विषय निघाला की अध्यक्ष मर्डो रेनी म्हणायचा, "अँगस, तुझं घर तिथंच आहे बाबा. हितसंबंध आला. नियम म्हणजे नियम, बाहेर बस." मी बाहेर. आत दोन विरुद्ध दोन, आणि बरोबरी झाली की अध्यक्षाला जादा मत. "एका गल्लीसाठी एवढा खर्च?" म्हणून हा नकार देणार. दर हिवाळ्यात हेच! त्या पायऱ्या रोज चढणारा एकटा माणूस बाहेर, आणि आत बिस्किटे खात निर्णय. मॉयरा गेल्यावरही त्याने मला बाहेरच बसवले. अजून आठवले की डोके फिरते. आता माझ्या जागी आयला नावाची मुलगी आली आहे. मर्डोचा हात वर गेला की तिचाही जातो.

४. माझ्या घराच्या खिडकीतून बंदर दिसते. मर्डोचा त्यावर कधीपासून डोळा. "विकतोस का रे?" हे त्याने मॉयराला पुरून परतताना विचारले होते. ते घर मी मर्डो रेनी यास फुकट देतो. अट एकच, पायऱ्यांना कठडा लागेपर्यंत ते विकता येणार नाही. त्याने नाकारल्यास घर जीवरक्षक नौकेच्या संस्थेला जावे. पण तो कसला नाकारतोय! मग कठड्याचा विषय निघाला की हितसंबंध त्याचा. तो बाहेर. आत पुन्हा दोन विरुद्ध दोन, आणि अध्यक्षांच्या खुर्चीत उपाध्यक्ष एफी मन्रो. तिचे मत पहिल्यापासून कठड्यालाच आहे.

५. बाहेरच्या बाकावर बसताना मी नेत असे ती लोकरी उशीही मर्डोला द्यावी. बाक फार गार असते. उशी मॉयराने शिवली आहे, हे त्याला आठवणीने सांगावे.

सही: अँगस टुलोक
साक्षीदार: डोनाल्डा केर, टपालवाली, फर्गस आयर्ड, पाववाला
(जेसीलाही सही करायची होती. फावडे तिला मिळणार, म्हणून नियमाप्रमाणे बाहेर बसवली.)
डनवॅरिक, १२ जानेवारी २०११