तळटीप एकशे बारा

३ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
फोनवर मला धड चिडता येत नाही, म्हणून पत्र. आमच्या विधी विभागाच्या डीनचं पुस्तक आलं, फितूर साक्षीदारांवर. ताई, ते पुस्तक माझं आहे गं! सात वर्षं कोर्टांच्या व्हरांड्यांत बसून मी ज्या साक्षीदारांशी बोलले, ते सगळे त्यात आहेत, माझ्याच शब्दांत. दोन वर्षांपूर्वी अभिप्रायासाठी मी त्याला हस्तलिखित दिलं होतं. फार कच्चं आहे, असं म्हणून त्यानं परत केलं होतं. आता कव्हरवर हनुवटीला हात लावलेला त्याचा फोटो आहे. माझी बढती याच कामावर ठरायची होती. आता मी ते छापलं तर चोर मीच ठरेन.

कळस म्हणजे विभागाचं वार्तापत्र मी काढते, त्यामुळे ‘प्राध्यापकांच्या घडामोडी’त ही बातमीही मीच लिहायची. नेहमीसारखं गोड लिहा, असं हसत सांगून गेला मेला. त्याचं वाटोळं व्हावं असं मला मनापासून वाटतं.
तुझी माया आहेच, थोडी अक्कलही पाठव.
चिंगी

११ जून
चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.
रडून झालं असेल तर डोळे पूस. तक्रार करू नकोस, ती फिरून त्याच्याच टेबलावर जाईल. मी पुस्तक मागवलं आणि भिंग घेऊन तळटिपांसकट वाचलं. बत्तीस वर्षं कोर्टात साक्षी उतरवून घेतल्या आहेत मी, बारीक अक्षराला घाबरत नाही.

पान ८७, तळटीप ११२ बघ. ‘ताईची पिवळी डायरी, पान ४१. ताईला आधी विचारणे, नाहीतर रागावेल.’ हे तू स्वतःसाठी खरडलेलं, आणि त्या गाढवानं तेही जसंच्या तसं उतरवलं! स्वतःच्या नावाचं पुस्तक त्यानं वाचलेलंच नाही. (मला न विचारता तू माझी कोर्टातल्या नोंदींची डायरी वापरलीस, त्याचा हिशेब नंतर.)

वार्तापत्रावर तो न वाचता सही करतो, फक्त आपला फोटो बघतो, असं तूच सांगितलं होतंस. मग फोटो चांगला मोठा टाक. खाली ‘पुस्तकातील एक पान’ म्हणून ८७ नंबरचं पान छाप, तळटिपेसकट. स्वतःचा एक शब्दही घालू नकोस.
जेवत जा. रिकाम्या पोटी सूड नीट घेता येत नाही.
ताई

९ जुलै
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
सही झाली! फोटोत टाय वाकडा दिसतोय का, एवढंच त्यानं विचारलं. सहाशे प्रती गेल्या, न्यायाधीशांना, वकिलांना, जुन्या विद्यार्थ्यांना. आठ दिवसांत सगळे त्याला एकच विचारायला लागले, ही ताई कोण? कुलगुरूंनी तिघांची समिती नेमली आहे.

काल त्यानं मला बोलावून दार लावून घेतलं. ताईची ओळख मीच सरांशी करून दिली आणि डायरी तिनं त्यांना दिली, एवढं समितीला सांगितलं तर याच महिन्यात बढती, म्हणाला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मी डळमळले. फितुरांवर सात वर्षं घालवली आणि फितूर व्हायला मला एक मिनिट पुरलं असतं. मग त्याची ती हनुवटी दिसली आणि मी उठून आले.
बावीस तारखेला सुनावणी आहे. डायरी घेऊन ये. आणि तेव्हा रागव, पण मग जवळ घे.
चिंगी

२५ जुलै
चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.
माझी गाडी गाठायच्या धांदलीत तुला काहीच सांगता आलं नाही, आणि आत तुला घेतलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर.

मी आधीच बाहेरच्या खुर्चीवर बसले होते. तुझा डीन आला आणि मला म्हणाला, बाई, इथं बसू नका, या खुर्च्या समितीसाठी आहेत. मी उठले. आत त्यानं ठासून सांगितलं, की ताई म्हणजे एक वृद्ध बाई, आपण स्वतः त्यांच्यासमोर तासन्‌तास बसलो, डायरी त्यांनी आपल्या हातात दिली. अध्यक्षांनी मला बोलावलं आणि त्याला विचारलं, या बाईंना ओळखता का? तो म्हणाला, हो, मघाशी बाहेर चुकीच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

मी पिवळी डायरी टेबलावर ठेवली. त्याचा चेहरा असा उतरला, की साक्षीसारखा उतरवून घ्यावासा वाटला. मला दया आली नाही, आली असं म्हणणारही नाही.
तब्येतीला जप, माझा राग आता निवळला आहे.
ताई

१४ ऑगस्ट
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
प्रकाशकानं पुस्तक मागे घेतलं. ते माझ्या नावानं निघणार. त्याचं डीनपद महिनाअखेर संपतंय, पण तोवर वार्तापत्रावर सही त्याचीच लागते. कुलगुरूंच्या आदेशानं ‘प्राध्यापकांच्या घडामोडी’त यावेळी एकच बातमी आहे, हे पुस्तक कुणाचं आणि ते कुणी चोरलं.

कागद घेऊन मी स्वतः गेले. यावेळी त्यानं वाचलं, शब्दन्‌शब्द. पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. मी उभीच राहिले. तो सही करणार तेवढ्यात म्हटलं, सर, घाई नको, खाली तळटीपही आहे.

तीही त्यानं वाचली आणि मग सही केली. तळटीप एवढीच होती: ‘ताईला विचारलं आहे.’
तुझी,
चिंगी