डाव्या हाताचे पक्षी

धुळे, ६ जानेवारी १९३६

पाय तसाच. फळ्या बांधल्याला आज अठरा दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, अजून सहा आठवडे उठायचं नाव काढू नका. सोनगीरच्या किल्ल्याखाली मोजणीची साखळी ताणत मागे मागे सरकलो आणि थेट खड्ड्यात. बावीस वर्षं मोजणीदार आहे, गावोगाव लोकांना त्यांच्या हद्दी दाखवतो, आणि स्वतःच्या पायाखालचं दिसलं नाही. कचेरीत हसत असतील. हसा म्हणावं.

परसदाराशी खाट टाकून घेतली आहे. समोर डाळिंब, जास्वंद, विहीर. दिवसभर पाखरांचा कलकलाट. दुसरं पाहायला आहे काय?

९ जानेवारी

आमच्या लेकीचं, कुसुमचं, शाळेतलं भरतकाम हाती आलं. दोसुतीच्या जाड कापडावर फुलीचा टाका. नमुन्याच्या पुस्तकातला कुठला तरी विलायती पक्षी, तांबड्या छातीचा, बर्फात बसलेला. म्हटलं, "हा पक्षी धुळ्यात कोणी पाहिलाय?" तर म्हणते, "बर्फ तरी कोणी पाहिलंय, भाऊ?"

सहा महिन्यांत अर्धा पक्षीसुद्धा झालेला नाही. पोरीला गणितं घाला, बसल्या बैठकीला पंचवीस सोडवील. सुई दिली की जांभया. मी म्हटलं, इथे एक घर चुकलंय, म्हणून चोच वाकडी झाली. "मग तुम्हीच भरा," असं म्हणून कापड माझ्या उशाशी टाकून गेली. उर्मट आहे. माझ्यावर गेली आहे.

१० जानेवारी

भरलं. दुपारी घरात कोणी नव्हतं. वेळ जात नव्हता, एवढंच कारण.

गंमत अशी की सुई आपोआप डाव्या हातात गेली. लहानपणी पंतोजींनी माझा डावा हात पाठीशी बांधून उजव्याने अक्षर गिरवून घेतलं. लिहितो उजव्याने, जेवतो उजव्याने. पण सुई जन्मात धरली नव्हती, त्यामुळे तिच्यापुरतं वळण लावायचं राहूनच गेलं होतं.

१४ जानेवारी

विलायती पक्षी संपवला. कुसुमने उन्हात धरून पाहिला आणि हसायला लागली. शाळेत फुलीचा वरचा टाका उजवीकडे झुकवायला शिकवतात, माझा डावीकडे झुकतो. म्हणून अर्ध्या पक्ष्यावर ऊन एकीकडून चमकतं, अर्ध्यावर दुसरीकडून. "बाईंना कळेल, भाऊ." कळू दे. चोच तरी सरळ आहे.

संक्रांत. तिळगूळ घ्यायला कोणी आलं की सुई उशीखाली.

१९ जानेवारी

डाळिंबावरचा बुलबुल भरायचं ठरवलं. काळी शेंडी, बुडाला लाल. नमुना कुठून आणणार? मोजणीचा चौकटीचा कागद होताच. शेताचा नकाशा काढावा तशी आधी बाहेरची हद्द काढली, मग आतले तुकडे. एक चौकट म्हणजे एक फुली. मोजता मोजता दोनदा चुकलो. कुसुम शेजारी येऊन उभी राहिली, पेन्सिल हातातून काढून घेतली, म्हणाली, शेपटीला अकरा घरं नाहीत, नऊ हवीत, आणि मान एक घर मागे घ्या. खोडून पुन्हा काढलं तर हुबेहूब बुलबुल. मला तोंडावर शाबासकी देता येत नाही. इथे लिहून ठेवतो.

२६ जानेवारी

भांडी घासायला येणाऱ्या सोनाबाईने पकडलं. परसातून एकदम आत. "भाऊ, हाई काय करी राह्यनात?" म्हटलं, बुलबुल. वाकून पाहिलं. "शेपटी चांगली शे," म्हणाली आणि भांडी घेऊन गेली. तिला म्हटलं, बाहेर बोलू नकोस. मान हलवली.

९ फेब्रुवारी

बुलबुल झाला, साळुंकी झाली, होला झाला. कुसुम मोजते, मी भरतो. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी चौकटीचा कागद काढते. पायाचं दुखणं दुपारभर आठवत नाही, हे डॉक्टरांना सांगितलं नाही.

आमची ही सुरुवातीला कपाळाला हात लावायची. आता तिन्ही पक्षी सुताराकडून चौकटीत बसवून आणले आणि बैठकीत टांगले. मला वाटलं, कौतुक आहे. जवळून पाहिलं तर प्रत्येकाच्या कोपऱ्यात साखळी टाक्याने बारीक अक्षर भरलंय. "कु."

विचारलं तर म्हणते, "रविवारी जळगावचे लोक कुसुमला पाहायला यायचे आहेत. भिंतीवर मुलीच्या हातचं काही नको का?"

१० फेब्रुवारी

रात्रभराची धुसफूस सकाळी बाहेर पडली. तिचंही खोटं नाही. याआधी दोन ठिकाणांहून नकार आले. मुलगी इंग्रजी सहावीत आहे म्हटल्यावर लोक आधी विचारतात, घरातलं काही येतं का? पण मला राग आला, आणि लबाडीचा आला असं म्हणायला मी काही मोठा साधू नाही. माझ्या पक्ष्यांवर दुसऱ्याचं अक्षर, याचा आला. उद्या कचेरीत कळलं की मोजणीदार घरी बसून बायकी काम करतो, तर तोंड दाखवायला जागा नाही, हेही खरं. म्हणजे नावही हवं आणि कळायलाही नको. धन्य आहे माझी.

१६ फेब्रुवारी

आले. मुलगा, त्याची आई, मामा. मुलगा जळगावला शाळेत गणित शिकवतो. चष्मा, कानाला खडूची पूड तशीच. कुसुमला विचारलं, सध्या काय चाललंय? ही म्हणाली, भूमितीचा एक सिद्धांत अडलाय. झालं, दोघं त्यातच. मामा खाकरले तेव्हा थांबली. मुलगा म्हणाला, पुढे शिकायला आमच्याकडे हरकत नाही. कुसुमने मान वर करून पाहिलं. असं तिने आधीच्या दोघांकडे पाहिलं नव्हतं.

मुलाच्या आईला सगळे अक्का म्हणतात. फार बोलत नाहीत. पक्ष्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "कुसुम, हे तू भरलंस?" कुसुमने तोंड उघडायच्या आत आमची ही, "हो, सगळं तिनेच हो!" कुसुमने माझ्याकडे पाहिलं. मी पायाकडे पाहिलं.

नंतर भरलेल्या दुसऱ्या बुलबुलाचा उशीचा अभ्रा खाटेवर राहिला होता. अक्कांनी तो उलटा करून मागची बाजू पाहिली, उजेडात तिरपा धरला. मग कुसुमने चिवड्याची बशी पुढे केली ती घेतली. "हात छान आहे," एवढंच म्हणाल्या.

२३ फेब्रुवारी

जळगावहून पुडकं. आत वीतभर दोसुती, पांढरी शुभ्र, आणि अक्कांची चिठ्ठी. मुलाला मुलगी पसंत आहे. मामांचं मत अजून पडायचं आहे. तोवर कुसुमने आपल्या हाताने एक दयाळ पक्षी भरून पाठवावा, आमच्या विहिरीवर रोज येतो.

ही आनंदात. "एवढंच ना? तुम्ही भरा, आठ दिवसांत होईल." कुसुम उठून गेली.

अक्का हुशार आहेत. दयाळ काळा-पांढरा. पांढऱ्या कापडावर पांढरं पोट भरायचं म्हणजे रंगाचा आडोसा नाही, दिसतो तो नुसता टाका, कुठे झुकतो तो.

२७ फेब्रुवारी

कुसुमने स्वतः भरून पाहिला. चार दिवस खपली. कावळा झाला. तोही आजारी. रडली. मला म्हणाली, "मी गप्प बसले ते आईसाठी. पण तिथे गेल्यावर जन्मभर कोणी सुई पुढे केली की काय करू, भाऊ?" मग म्हणाली, "आणि त्यांच्याशी खोटं बोलून मला जायचं नाही." त्यांच्याशी म्हणजे अक्कांशी की मुलाशी, ते मी विचारलं नाही.

२८ फेब्रुवारी

उजव्या हाताने भरून पाहिलं, टाका कुसुमसारखा झुकावा म्हणून. बोट फोडून घेतलं. या वयात पुन्हा पंतोजी नकोत.

२ मार्च

फळ्या सुटल्या. काठी घेऊन विहिरीपर्यंत गेलो. रहाटाच्या खांबावर दयाळ बसून शीळ घालत होता, मला पाहूनही उडाला नाही.

हिला सांगितलं, खरं लिहून कळवतो. तिने आकांत केला. "तिसरं ठिकाण घालवता का? लोक काय म्हणतील, बाप भरतकाम करतो आणि पोरीला सुई धरता येत नाही!" सोनाबाई भांडी विसळत होती, तिथूनच म्हणाली, "बाई, बठ्ठी गल्लीले माहीत शे." सगळ्या गल्लीला! ही मटकन खाली बसली. मला मात्र इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. त्यावर तिचा अबोला.

३ मार्च

दयाळ कुसुमने मोजला. सकाळचे दोन तास विहिरीशी कागद घेऊन बसली. शेपटी उभी किती, पंखावरचा पांढरा पट्टा किती घरांचा. मी भरायला घेतला, डाव्या हाताने, जसा येतो तसा.

११ मार्च

पूर्ण. पांढरं पोट दोनदा उसवलं. माझ्या हातून यापेक्षा चांगलं काही झालेलं नाही, मोजणीचे नकाशे धरून. कोपऱ्यात कुसुमने सांगितलं तसं केलं. "कु." ठेवलं, शेजारी "भा." भरलं. भाऊचा भा.

पत्र अक्कांना. तीन वेळा फाडलं. शेवटी एवढंच ठेवलं:

"सौ. अक्का यांस सा. न. वि. वि. भिंतीवरचे पक्षी व सोबतचा दयाळ यांची मोजणी कुसुमची, टाके माझे. त्या दिवशी आपण विचारलंत तेव्हा मी समोर बसून गप्प राहिलो, हा दोष माझा. कुसुमला शिवण येत नाही. शिकवली तर शिकेल असंही खात्रीने सांगवत नाही. सोबत तिने स्वतः भरलेला दयाळही पाठवत आहे, तो ओळखू येईलच."

कावळाही पुडक्यात घातला. कुसुमनेच घातला.

१२ मार्च

पुडकं टपालात. ही माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते आणि भिंतीकडे बघून विचारते, भात हवा का?

१९ मार्च

उत्तर नाही. कचेरीत रुजू झालो. एक कारकून म्हणाला, मोजणीदारसाहेब, आमच्या घरी एक पोपट भरून द्या. सगळे हसले. मी म्हटलं, पोपट नाही भरत, फार सोपा आहे. मग आपापल्या फायली उघडल्या.

घरी आलो तर कुसुम दाराशी. टपालवाला येऊन गेलेला. मान हलवली, नाही.

२४ मार्च

उत्तर नाही. आज पहिल्यांदा वाटलं, फार शहाणपणा केला का मी? तिचं लग्न आणि माझा खरेपणा. हिने रात्री न विचारता भात वाढला. म्हणजे तिलाही माझी दया आली असावी. कुसुम पुस्तक उघडून बसते आणि पान उलटत नाही.

२९ मार्च

जळगावचं पाकीट. कुसुमने माझ्या हातात दिलं, हिने काढून घेतलं, चष्मा नाही म्हणून पुन्हा माझ्या हातात.

अक्कांचं पत्र, चार ओळी. डावरा हात त्याच दिवशी ओळखला होता. कुसुमने बशी उजव्या हाताने दिली, तेव्हा हे तिचं काम नसावं असं वाटलं होतं. कोण भरतं आणि कोण कबूल करतं, एवढंच पाहायचं होतं. दयाळ बैठकीत लावला आहे. दुसराही ठेवला आहे. मामा अजून कुरकुरतात, त्यांचं काय होतं ते चैत्रात भेटून बोलू.

खाली आणखी एक घडी. चौकटीचा कागद, त्यावर पेन्सिलने काढलेला भारद्वाज. अक्षर अक्कांचं नव्हे. "आई भरायला बसली आहे, पण उजवा पंख डाव्याशी जुळत नाही. मोजणी तपासून मिळावी."

गणिताचा मास्तर आणि दोन पंख जुळत नाहीत! मी म्हणणार होतो, पण कुसुमचा चेहरा पाहून घडी तिच्या हाती दिली. कागद घेऊन ती विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली. लाल पेन्सिल मागितली.

ही दारातून, "अगं, पण म्हणजे होकार आहे की नकार?"

"आई, थांब ना," कुसुम म्हणाली. "मोजतेय."