झैनबचा हात माझ्या मय्यतीला लागू नये

मी, रशीदा अकबरअली, वय सहासष्ट, निवृत्त मराठी शिक्षिका, राहणार भद्रकाली, नाशिक, पूर्ण शुद्धीवर हे लिहिते. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. या कागदाचा मात्र काही जणांवर यावा, अशी इच्छा आहे.

१. मला शेवटची आंघोळ घालताना मोठी बहीण झैनब हिने शिवू नये. मी सात वर्षांची असताना "चल, बांगड्या भरू" म्हणत तिने मला दाईच्या माडीवर नेलं आणि माझे पाय दाबून धरले. दाईने ब्लेडने कापलं. मुलींच्या या सुंतेला आमच्यात खतना म्हणतात. तीन दिवस रक्त थांबलं नाही. लघवीची जळजळ जन्माला चिकटली, नवऱ्याजवळ जाणं शिक्षा झाली, बाळंतपणात जुना व्रण फाटला. पस्तीस वर्षं मी व्याकरण शिकवलं, पण याबद्दल एक वाक्य बोलले नाही.

२. २०१९ साली झैनब आणि माझी सून माझ्या नातीला, सात वर्षांच्या इन्सियाला, तसंच दाईकडे घेऊन गेल्या. मला कळलं ते रक्ताळलेली चादर पाहून. शेजारच्या नर्स उज्वलाताईंसोबत मी तिला दवाखान्यात नेलं, तिथून पोलीस ठाण्यात.
"आजी, याला वेगळा कायदाच नाही."
"मुलीच्या अंगाला ब्लेड लावलं, मग पोक्सो कशासाठी आहे?"
तिसऱ्या खेपेला गुन्हा नोंदवला. मुलगा हुझैफा म्हणाला, "मम्मी, घरातली गोष्ट पोलिसात नेलीस?" आणि वेगळा राहू लागला. इन्सिया मात्र शाळेतून परस्पर माझ्याकडे येते.

३. शरियतप्रमाणे मला तिसऱ्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं. तो सगळा इन्सियाला. ती अठराची होईपर्यंत उज्वलाताई सांभाळतील. उरलेलं हुझैफाला कायदा देतो आहे, मी नाही.

४. झैनबला दवाखान्याच्या अहवालाची प्रत, फ्रेम करून. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मराठी भाषांतर मी स्वतः केलं आहे. एकही शब्द सौम्य केलेला नाही.

५. "केस मागे घे, नाहीतर तुझ्या जनाज्याला माणूस येणार नाही," असं ती म्हणाली होती. न आल्यास चार हमाल बोलवावेत.

६. माझी साक्ष आणि उलटतपासणी पुरी झाली आहे. मी मेले म्हणून ती पुसली जात नाही. झैनब आरोपी म्हणून समोरच उभी होती. तिच्या वकिलांनी विचारलं, "सख्ख्या बहिणीविरुद्ध बोलताना लाज वाटत नाही?"
मी म्हटलं, "लाज वाटायला मी तिला साठ वर्षं दिली, साहेब."
न्यायाधीशांनी तेही लिहून घेतलं.

वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.
रशीदा अकबरअली

आमच्यासमोर सही झाली:
उज्वला संतोष गांगुर्डे, निवृत्त परिचारिका
डॉ. योगेश वाल्मीक आहेर

नाशिक, १७ नोव्हेंबर २०२५