आडवा बांधलेला वेलगुलाब

५ जानेवारी
पुन्हा तेच! वेलगुलाबाची मुळं आमच्या अंगणात, खत आमचं, काटे माझ्या बोटांत — आणि फुलं मात्र भिंतीच्या माथ्यावर, तोंडं पलीकडे. मोठ्या जाऊबाईंकडे. आमच्या वाट्याला नुसते देठ! एका कपाटावरून सहा वर्षं आमचा अबोला आहे, पण गुलाबाला कोण सांगणार?

८ जानेवारी
रोपवाटिकेतले काका बघून हसलेच. "ताई, उभी फांदी शेंड्यालाच फुलणार. सगळा जोर वर पळतो. आडवी बांधा, डोळान् डोळा फुटेल." फांदी नुसती निजवली की फुलते? काहीतरीच!

९ जानेवारी
छाटणी केली. जुनाट, वाळकी लाकडं बुडातून काढली. सहा दमदार फांद्या ठेवल्या. भिंतीला खिळे ठोकून तारा ताणल्या. यांना मदतीला बोलावलं — पहिल्या काट्यालाच "आई गं!" करून आत गेले ते थेट वर्तमानपत्रात.

११ जानेवारी
पहिलीच फांदी वाकवली आणि कट्! मोडली. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज — "आडव्या करतेयस ना? ओढू नकोस गं. रोज दोन-दोन बोटं खाली घे." जाऊबाई! सहा वर्षांनी पहिलं वाक्य.
मी ऐकूच आलं नाही अशी मोडलेली फांदी कापायला घेतली. पण उरलेल्या पाच फांद्यांचे त्यांच्याकडे अडकलेले शेंडे त्यांनीच एकेक सोडवले आणि हलकेच इकडे ढकलले. मी गुपचूप ओढून घेतले.

१२ जानेवारी
दोन बोटं.

१३ जानेवारी
आणखी दोन. मोडली नाही!

२४ जानेवारी
पाचही आडव्या. सुतळीने सैलसर बांधल्या. माझे हात मांजराशी भांडल्यासारखे दिसतायत.

२ फेब्रुवारी
डोळे! आडव्या फांदीच्या वरच्या अंगाला, बुडापासून टोकापर्यंत, फुटू पाहणाऱ्या कोंबांचे लाल ठिपके. परवापर्यंत साल नुसती गुळगुळीत होती. एका फांदीवर एकवीस मोजले. इतकी वर्षं हे सगळे आत झोपून होते? मी रोज त्यांच्यावरून हात फिरवत होते आणि मला पत्ता नाही!
यांना ओढत बाहेर आणलं. हे चष्मा कपाळावर चढवून कितीतरी वेळ बघत राहिले. "हे तू केलंस?" मी कुठलं करतेय! मी फक्त फांदी निजवली.

१२ मार्च
भिंत दिसतच नाही. गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत गुलाबी! सकाळी दार उघडलं आणि तशीच उभी राहिले. चहा निवून गेला. रडू आलं, कशाचं ते कळलं नाही. आणि खरं सांगायचं तर मनात उकळ्या फुटत होत्या — आता सगळी आमच्याकडे. एकसुद्धा तिकडे नाही!

१५ मार्च
सुकलेली फुलं काढायला शिडीवर चढले. सहा वर्षांत पहिल्यांदाच पलीकडे डोकावले. भिंत कोरी. तिच्यासमोर एक खुर्ची, भिंतीकडे तोंड करून, पाय मातीत रुतलेले. इतकी वर्षं इथेच बसून त्या माझी फुलं बघत होत्या. आजही बसल्या होत्या.
मान वर करून म्हणाल्या, "भरपूर आली का गं?"
"हो, जाऊबाई."
"बरं झालं."
मला शिडीवरून उतरवेना.