काकी, तुझी रजा संपली

वेंगुर्ले, मंगळवार

तीर्थरूप सावित्रीकाकीस, पुतण्या भिकाजीचा वाकून नमस्कार. (गुडघा धरलाय, त्यामुळे जमेल तेवढाच वाकलोय.) वालावलला लेकीकडे तुझी तब्येत बरी असेल. खाडीचे मासे चांगले मिळत असतील तर कृपा करून कळवू नकोस.

तू रागावून गेलीस, म्हणून झालं ते सगळं नीट सांगतो. आपल्या काजू कारखान्यात संचालक मंडळाने पुण्याहून आकांक्षा नावाची सल्लागार मुलगी आणली. यंत्रं, गोदामं मोजून झाली, आता माणसांच्या डोक्यातलं भांडवल मोजायचं, असं तिचं म्हणणं. मी लगेच माझी प्रमाणपत्रं (ओरोसच्या दोन दिवसांच्या शिबिराचंसुद्धा) टेबलावर मांडली. तिने ती बाजूला सारली. तिची रीत निराळी. एकेकाला तीन दिवस भरपगारी रजेवर धाडायचं आणि मागे काय काय अडतं ते लिहून काढायचं. जितकं जास्त अडेल, तितकं त्या माणसाचं भांडवल मोठं.

व्यवस्थापक म्हणून पहिला मी घरी बसलो. तीन दिवस फोन उशाशी ठेवला, एकदाही वाजला नाही. (बिघडला नव्हता. बायकोला दोनदा लावून बघायला सांगितलं.) चौथ्या दिवशी गेलो तर नेहमीपेक्षा दोन पोती जास्त सोलून झालेली. आकांक्षाने कारण विचारलं, तर सोलायला बसणारी सुभद्रा म्हणते, "बरे गेले गो दिस. मधी मधी इचारूक कोण येय नाय होतो." माझं भांडवल उणे निघालं. असा प्रकार आकांक्षानेही प्रथमच पाहिला म्हणे.

मग तुझी पाळी आली, आणि मी चुकलो. ही मोजणी आहे हे सांगायचं सोडून नुसतं "काकी, उद्यापासून येऊ नकोस" म्हणालो. माझ्या उण्याचा राग डोक्यात होता, खोटं कशाला बोलू. तू म्हणालीस, "मी नको झालंय, असा सरळ सांग," आणि एप्रन खुंटीला लावून गेलीस.

काकी, दुसऱ्या दिवशी बॉयलरपाशी सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे. बी किती वेळ वाफवायची ते कुणालाच ठाऊक नाही. तू एक बी हातात घेऊन "काढा" म्हणायचीस, आम्ही काढायचो. अठ्ठावीस वर्षांत कुणी विचारलंच नाही. पहिला घाणा कच्चा, दुसरा फाजील शिजलेला. अख्खा गर निघेना, नुसती पाकळी आणि तुकडा. आज अकरावा दिवस. तुझा आकडा आता तक्त्यात मावत नाही म्हणून आकांक्षाने मोजणं थांबवलंय.

तुझा,
भिकाजी

ता. क. : तू परत यावंस म्हणून हे पत्र नाही. वाफेची मिनिटं कळवलीस तरी पुरे.

आणखी ता. क. : आकांक्षा तुझी समजूत काढायला रविवारी आली, ती तिकडेच जेवून राहिली असं कळतं. तिला तरी पाठव, अहवाल तिच्या पिशवीत आहे.

शेवटचा ता. क. : मिनिटांचं खोटं. मिनिटं मी फळ्यावर लिहीन आणि तरी घाणा बिघडवीन. मला या कारखान्यात हाताला धरून तूच आणलंस, आणि मी तुलाच येऊ नकोस म्हणालो. माझं चुकलं, काकी. हे पत्र टपालाने आलेलं नाही. तुझ्या लेकीच्या, सलोनीच्या हातात मीच दिलंय, आणि तुझं वाचून होईपर्यंत अंगणात उभा आहे. ऊन बरंच आहे.