डाव्या हाताचा एक्स-रे फलकावरून उतरविण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक श्री. श्रीनिवासराव,
कावेरीतीर रुग्णालय, तंजावर.

विषय : कै. वेंकूबाई यांच्या हाताचा एक्स-रे व त्याखालील मजकूर काढून टाकणे.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज, एक तमिळ, एक इंग्रजी.

महोदय,

अर्जदार नंदिता ही कै. वेंकूबाई यांची मुलगी असून ओरत्तनाडु येथील शाळेत ग्रंथपाल आहे.

१० मार्च हा तिच्या घरातला शेवटचा साधा दिवस. दुपारचे जेवण झाल्यावर आईने वर्तमानपत्राचा एक तुकडा मांडीवर सारखा केला, पानाचे देठ खुडावे तसा त्याचा कोपरा खुडला, घडी घातली आणि माणसाची खुशाली विचारावी तसे विचारले, "काय गे, डबा सौख्य आहे की?" पानाचा डबा आठ महिने अर्जदाराच्या कपाटात कुलपात होता. अर्जदाराने पुस्तकातून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचे हृदय थांबले.

१. डबा कुलपात गेला तो आपल्या शब्दावरून. आई अंगणात पडली म्हणून काढलेल्या एक्स-रेत हाडांच्या कडेने दोन बारीक पांढऱ्या रेषा दिसल्या. त्या कॅल्शियम साठून कडक झालेल्या रक्तवाहिन्या होत्या. आपण आईशी आपल्या घरच्या तंजावरी मराठीत बोललात : "वेंकूबाई, पन्नास वर्षं पानाला लावलात तो चुना आता नसांना लागला." आपण हसलात. आईने मान खाली घातली. अर्जदाराने घरी येऊन किल्ली फिरवली.

२. आता तोच एक्स-रे बाह्यरुग्ण विभागात 'चुना खाण्याचा परिणाम' म्हणून टांगलेला आहे. पहिल्या अर्जानंतर नावावर काळी पट्टी आली. परंतु बोटातून कधीच न निघालेली दोन खड्यांची अंगठी चित्रात दिसते आणि तिरुवैयारूची पानवालीसुद्धा ती ओळखते. दुसऱ्या अर्जावर उत्तर आले की चित्र काढण्यास रुग्णाची स्वाक्षरी लागेल. लावताना ती लागली नव्हती. आणि रुग्णाच्या मृत्यूचा कागद आपल्याच कार्यालयाने दिलेला आहे.

३. अर्जदार डॉक्टर नाही, पण मिळेल ते वाचत आली आहे. रक्तवाहिनीची भिंत म्हणजे चुना बसत जाणारा नळ नव्हे. तिच्यातील पेशी एकमेकींशी बोलतात. साखर आणि बिघडलेले मूत्रपिंड यांनी त्या त्रासल्या की सूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. त्यांतून निरोप जातो, कधी खनिजाचे कणही. शेजारची पेशी तो निरोप घेते, आपले स्नायूचे काम सोडते आणि हाडाच्या पेशीसारखी वागू लागते. मग ती पुढच्या पेशीला कळवते. आईला एकोणीस वर्षे मधुमेह होता, सहा वर्षे मूत्रपिंडाचा आजार. फलकावर यांपैकी एक अक्षर नाही.

४. मूत्रपिंड दुबळे असताना चुना बेताने खावा, हे मान्य. पानाने तोंडाचे रोग होतात, हेही खुशाल लिहावे. परंतु सगळा दोष एका बाईच्या बोटावरच्या चुन्यावर टाकून तिचाच हात भिंतीवर टांगणे अर्जदाराला मान्य नाही, आणि होणारही नाही.

५. हा तिसरा अर्ज मराठीत आहे, कारण आईला दोषी ठरवले ते मराठीत. आपणांस देवनागरी वाचता येत नाही, असे आपणच सांगितले होते. म्हणून २१ जुलै रोजी सकाळी दहा वाजता अर्जदार फलकासमोर उभी राहून हा अर्ज मोठ्याने वाचेल. तोपर्यंत एक्स-रे उतरवला असल्यास रिकाम्या भिंतीसमोर वाचेल. उतरवला नसल्यास वाचून झाल्यावर स्वतः उतरवून घरी नेईल. त्याबद्दल जी कारवाई करावयाची ती जरूर करावी.

शेवटची वाक्ये आपणांस उद्देशून नाहीत; आपण ऐकण्यास हरकत नाही :

आई, डबा सौख्य आहे. चुना वाळला आहे, अडकित्ता तसाच आहे. मी पुरते न वाचता कुलूप लावले. तुझी चूक नव्हती. त्या दुपारी मान वर करून मी एक पान लावून द्यायला हवे होते.

आपली नम्र, परंतु ठाम,
नंदिता
तंजावर, १४ जुलै २०२५